घर-वाडीचे कुंपण: डागडुजी करावी की नव्याने घालावे? (उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसर)

घराभोवतीचे, परसबागेचे किंवा घराला लागून असलेल्या वाडीचे कुंपण दर पावसाळ्यानंतर थोडे खचते. एखादा खांब कलतो, तार सैल पडते, जाळी खालून कुजते. मग दोन चुका होतात. काही जण बांधणीच्या तारेने गाठी मारत वर्षानुवर्षे वेळ मारून नेतात आणि शेवटी एकाच पावसात सगळे कुंपण आडवे होते. काही जण चांगले खांबही उपटून फेकतात आणि गरज नसताना मोठा खर्च करून बसतात.

या लेखात निर्णय कसा घ्यावा, कोणती तपासणी करावी, खर्चाची तुलना कशी करावी आणि आपल्या भागातील पाऊस, पूर व हद्दीचे प्रश्न लक्षात घेऊन कोणते कुंपण निवडावे, याची माहिती दिली आहे.

थोडक्यात

- कुंपणाचे आयुष्य खांब ठरवतात. तार आणि जाळी बदलता येते. खांब गेले की कुंपण गेले.
- चार खांबांत एकापेक्षा कमी खराब असेल तर दुरुस्ती करावी. निम्म्याहून जास्त खराब असतील तर नवे घालावे. मधल्या स्थितीत फक्त खराब बाजू बदलावी.
- कुंपण नव्याने घालण्यापूर्वी हद्द नक्की करून घ्यावी. दुरुस्तीत हा प्रश्न सहसा येत नाही, नव्या कामात हमखास येतो.
- नदी-नाल्याकाठी भक्कम भिंतीपेक्षा पाणी वाहू देणारे तारेचे किंवा जिवंत कुंपण सुरक्षित असते.
- खोदकाम व काँक्रीट मेअखेर संपवावे. जिवंत कुंपणाची लागवड पाऊस स्थिरावल्यावर करावी.

आपल्या भागात कुंपण लवकर का खराब होते?

अंबरनाथ तालुका आणि लगतच्या पट्ट्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात जमीन सतत ओली राहते. ऑक्टोबरनंतर ती सुकते आणि एप्रिल-मे मध्ये तडकते. खांब जमिनीत शिरतो त्या जागी ओल आणि हवा दोन्ही मिळतात. त्यामुळे लोखंड गंजते तिथेच आणि लाकूड कुजते तेही तिथेच. वरून खांब धड दिसतो, पण जमिनीलगतची चार-सहा इंच जागा पोखरलेली असते.

जमिनीचा प्रकारही पाहावा लागतो. डोंगराच्या उतारावर मुरूम आणि कातळ लागतो. तिथे खांब घट्ट बसतो, पण खड्डा पुरेसा खोल जात नाही. भातखाचराच्या चिकट जमिनीत खड्डा सहज होतो, पण ती माती ओली झाली की फुगते व सुकली की आक्रसते आणि खांब हळूहळू सैल होतो. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पुराचे पाणी खांबाच्या बुडाची माती खरवडून नेते.

तिसरे कारण पूर. उल्हास नदी बदलापूरवरून कल्याणकडे वाहते. बारवी नदी तिला मिळते. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावून अंबरनाथ व उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते. २६ जुलै २००५ चा पूर या भागातील कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी दरम्यान रुळांवर पाणी आले आणि महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली; हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पाण्याच्या वाटेत असलेल्या कुंपणाचा विचार इतर कुंपणासारखा करून चालत नाही.

पायरी १: कुंपण कशासाठी आहे ते ठरवा

जुने कुंपण ज्या कामासाठी घातले होते ते काम अजून शिल्लक आहे का, हे आधी पाहावे. दहा वर्षांपूर्वी शेजारी भातशेती होती, आज तिथे इमारत असेल. पूर्वी भातकापणीनंतर मोकळी सुटणारी गुरे अडवायची होती, आज भाजीपाल्याला रानडुकरांचा त्रास असेल.

- मोकाट गुरे: काटेरी तारेच्या ४-५ ओळी किंवा दाट जिवंत कुंपण पुरते.
- शेळ्या, कुत्री, कोंबड्यांची राखण: जाळी लागते. काटेरी तारेच्या ओळींतून ही जनावरे सहज जातात.
- रानडुक्कर (मलंगगड, बारवी जंगलाच्या बाजूची गावे): जाळीचा खालचा भाग जमिनीत गाडावा लागतो किंवा सौर कुंपण लागते.
- फक्त हद्द दाखवणे: हद्दीचे दगड व जिवंत कुंपण पुरेसे असते.
- रस्त्याकडील आडोसा व सुरक्षितता: भिंत, किंवा खाली भिंत व वर जाळी.

गरज बदलली असेल तर जुने कुंपण धड असले तरी त्यात भर घालावी लागेल. उलट, गरज कमी झाली असेल तर मोडकी बाजू साध्या जिवंत कुंपणाने भरून काढली तरी भागते.

पायरी २: तपासणी

तपासणी पावसाळ्यानंतर एकदा (ऑक्टोबर-नोव्हेंबर) आणि मार्चमध्ये एकदा करावी. सोबत पहार, जुना स्क्रू-ड्रायव्हर, मोजपट्टी, वही आणि खडू घ्यावा. कुंपणालगतच्या गवतात व दगडांत साप असू शकतात. आधी काठीने गवत हलवावे, पायात बूट घालावेत, दगडाखाली थेट हात घालू नये.

प्रत्येक खांबाला क्रमांक द्या आणि वहीत 'चांगला', 'दुरुस्त होईल' किंवा 'गेला' अशी नोंद करा. तपासणी अशी करावी:

१. *हलवून पाहणे.* खांब छातीच्या उंचीवर धरून पुढे-मागे ढकलावा. खांब बुडासकट हलत असेल तर पाया सैल आहे. खांब मात्र चांगला असू शकतो. बूड स्थिर राहून वरचा भाग हलत असेल तर खांब जमिनीलगत तुटला किंवा गंजला आहे.

२. *लोखंडी अँगल.* जमिनीलगतची माती चार इंच उकरावी. गंजाचे पापुद्रे खरवडून काढावेत. खाली घट्ट चकचकीत लोखंड लागले तर खांब वाचेल. पत्र्यासारखा पातळ झाला असेल किंवा भोक पडले असेल तर तो गेला.

३. *सिमेंटचा खांब.* उभी चीर आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसत असेल तर आतली सळई गंजली आहे. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेते आणि काँक्रीट आतून फोडते. वरून सिमेंट लिंपल्याने गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. आडव्या बारीक चिरा असतील आणि गंजाचा डाग नसेल तर खांब अजून काही वर्षे जाईल.

४. *लाकडी खांब.* जमिनीलगत स्क्रू-ड्रायव्हर दाबावा. तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज शिरला तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने खाल्ले आहे. उपचार न केलेला बांबू जमिनीत दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त धरत नाही, हे गृहीत धरावे.

५. *तार व जाळी.* पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा थर झिजतो आहे, पण अजून शिल्लक आहे. तांबूस गंज म्हणजे थर संपला. अशी तार दोनदा वाकवून पाहावी. तुटली तर बदलावी. १२ गेजची नवी तार सुमारे २.६ मिलिमीटर जाड असते. जाडी २ मिलिमीटरवर आली असेल तर वरवर फरक थोडा वाटतो, पण तारेची ताकद निम्म्याजवळ आलेली असते.

६. *भिंत.* ओळंबा लावून कल पाहावा. गिलाव्याच्या केसाएवढ्या चिरा चिंतेच्या नाहीत. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी वर जाणारी चीर, एका बाजूचा फुगवटा किंवा बुडाची माती वाहून गेलेली दिसली तर भिंत धोक्यात आहे. अशा भिंतीलगत गोठा, चूल किंवा मुलांची खेळायची जागा ठेवू नये.

७. *कोपरा व फाटक.* सगळ्या तारांचा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो आणि फाटकाचे ओझे त्याच्या खांबावर. हे खांब कलले असतील तर मधले खांब चांगले असूनही कुंपण सैल दिसते. अनेकदा कोपऱ्याला नवा टेकू देणे एवढीच दुरुस्ती पुरते.

पायरी ३: मोजा आणि ठरवा

समजा ६० × ४० फुटांची जागा आहे. परीघ २०० फूट. दर ८ फुटांवर एक धरला तर २५ खांब.

- *६ पर्यंत खांब खराब आणि ते विखुरलेले:* दुरुस्ती करावी. खराब खांबाशेजारी नवा खांब रोवून तारा त्यावर घ्याव्यात.
- *७ ते १२ खांब खराब:* कोणत्या बाजूचे ते पाहावे. बहुतेक वेळा नाल्याकडील किंवा सांडपाणी साचणारी एकच बाजू खराब असते. ती बाजू पूर्ण बदलावी, बाकीची तशीच ठेवावी.
- *१३ किंवा जास्त खराब:* नवे कुंपण घालावे. उरलेले चांगले खांब एका सलग बाजूला वापरावेत. नव्या-जुन्यांची सरमिसळ करू नये. पुढची तपासणी सोपी जाते.

हा ढोबळ हिशेब आहे. त्याला दोन अपवाद आहेत. खांब एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आणलेले असतील आणि त्यांतील बरेचसे एकाच वर्षात फुटले असतील, तर बाकीचेही लवकरच फुटतील असे धरावे. आणि नुकसान एका घटनेमुळे झाले असेल, जसे झाड पडणे किंवा ट्रॅक्टरचा धक्का, तर खराब खांबांची संख्या जास्त असली तरी तेवढाच भाग दुरुस्त करणे योग्य.

पायरी ४: खर्च वर्षावर वाटून पाहा

नुसता एकूण खर्च पाहिला तर दुरुस्ती नेहमीच स्वस्त दिसते. खर्चाला अपेक्षित वर्षांनी भागावे.

उदाहरणासाठी आकडे घेऊ (दर स्थानिक घ्यावेत): दुरुस्तीला १२ हजार रुपये लागतात आणि ती ३ वर्षे टिकेल. वर्षाचा खर्च ४ हजार. नवे कुंपण ४५ हजारांत होते आणि १५ वर्षे टिकेल. वर्षाचा खर्च ३ हजार. इथे नवे कुंपण स्वस्त. पण खांब चांगले असल्यामुळे तीच दुरुस्ती ६ वर्षे टिकणार असेल तर वर्षाचा खर्च २ हजारच येतो आणि दुरुस्ती स्वस्त पडते. म्हणजे निर्णय दुरुस्तीच्या खर्चापेक्षा दुरुस्ती किती टिकेल यावर ठरतो, आणि ते खांबांच्या तपासणीवरूनच कळते. म्हणून पायरी २ टाळू नये.

आणखी एक हिशेब जोडावा. जागेचे येत्या काही वर्षांत काय होणार आहे? आपल्या पट्ट्यात शेतजमिनीचे बिगरशेती होणे, भावांमध्ये वाटणी, रस्ता रुंदीकरण हे नेहमीचे आहे. दोन-तीन वर्षांत वाटणी होणार असेल किंवा विकास आराखड्यातील रस्ता हद्दीवरून जाणार असेल तर महागडी भिंत बांधू नये. डागडुजी करून वेळ काढणे अशा वेळी शहाणपणाचे असते.

पायरी ५: नव्या कामाआधी हद्द आणि परवानगी

जुने कुंपण हद्दीवरच आहे असे धरून चालू नये. जिवंत कुंपण दर वर्षी थोडे बाहेर सरकते. तारेचे खांब बदलताना कोणी एक हात आत घेतो, कोणी बाहेर. शेजारी गप्प असतो तोवर प्रश्न येत नाही. भिंतीचा पाया खणायला घेतला की येतो. जमिनीचे भाव वाढलेल्या या भागात एका फुटावरून भावाभावांचे आणि शेजाऱ्यांचे बोलणे बंद होते आणि कुंपणाच्या खर्चापेक्षा वकिलाचा खर्च जास्त होतो.

- *सर्व्हे नंबरची जमीन:* तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. मोजणीच्या वेळी ते हजर राहतील असे पाहावे. मोजणीनंतर नकाशाची 'क' प्रत जपून ठेवावी.
- *गावठाण किंवा शहरातील जागा:* मालमत्ता पत्रक व नगर भूमापनाचा नकाशा पाहावा. स्वामित्व योजनेतून गावठाणाची मोजणी झाली असेल तर त्याचे पत्रक काढावे.
- *उल्हासनगरातील बराकी व लगतची घरे:* १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभे राहिले. अनेक ठिकाणी घर आणि कुंपण यांत जागाच नाही. दोन घरांची भिंत एकच असते. अशी सामाईक भिंत पाडण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत आणि सनद किंवा मालमत्ता पत्रकातील माप जुळवून पाहावे.
- *हद्दीचे दगड:* ते उपटू किंवा सरकवू नयेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४५ नुसार हद्दीच्या खुणांना इजा करणे दंडनीय आहे.
- *वहिवाटीची वाट:* कुंपणाने दुसऱ्याची शेतात जाण्याची वाट बंद होत असेल तर तहसीलदारांकडे कलम १४३ किंवा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अर्ज होऊ शकतो आणि कुंपण काढावे लागू शकते. तिथे फाटक ठेवावे.
- *भिंत:* उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ किंवा कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर नगररचना विभागात आधी विचारावे. रस्त्याकडील भिंतीच्या उंचीला मर्यादा असते.
- *पूररेषा:* नदीकाठी निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. तिथे भिंतीचा विचारच सोडावा.
- *झाडे:* शहर हद्दीत कुंपणातील मोठे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात अनुसूचित झाडांसाठी वन किंवा महसूल खात्याकडे विचारावे.

मोजणीला वेळ लागतो. एप्रिलमध्ये काम करायचे असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास करावा.

दुरुस्ती कशी करावी?

*सैल खांब:* पहारीने कडेची माती दीड-दोन फूट मोकळी करावी, खांब ओळंब्यात उभा करावा, दगड व मुरूम थराथराने भरून ठासावा. चिकट मातीत तीच माती परत भरू नये. वरचा भाग थोडा उंचवटा देऊन संपवावा, म्हणजे पाणी खांबापासून दूर जाईल.

*गंजलेला अँगल:* तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर ऑइल पेंट द्यावा. जमिनीलगत वर-खाली सहा-सहा इंच डांबराचा हात द्यावा. बूड गेले असेल पण वरचा भाग चांगला असेल तर बूड कापून नवा तुकडा वेल्ड करता येतो. असे दोन-चार खांब असतील तरच हे परवडते.

*तुटलेला सिमेंट खांब:* बूड न उपटता अर्धा फूट बाजूला नवा खांब रोवावा. मजुरी वाचते.

*सैल तार:* आधी कोपऱ्याचा टेकू घट्ट करावा, मगच तार ओढावी. गंजलेली तार जोर लावून ओढू नये. ती तुटून उलटी फिरते आणि डोळा, चेहरा फाडते. जाड हातमोजे आणि चष्मा वापरावा.

*लोंबणारे फाटक:* वरच्या बिजागरीपासून खालच्या कडीकडील कोपऱ्यापर्यंत तिरकी तार ओढून पीळ द्यावा. फाटक वर उचलले जाते.

*जिवंत कुंपणातील खिंडार:* मेमध्ये मेलेली खोडे काढावीत, खड्डे करून शेणखत मिसळावे व पाऊस सुरू झाल्यावर रोपे किंवा फांद्या लावाव्यात. तोवर खिंडारात बोरी-बाभळीच्या काट्यांचे फास लावावेत.

काम झाल्यावर तारेचा एकेक तुकडा गोळा करावा. चाऱ्यातून तारेचा तुकडा गुराच्या पोटात गेला तर तो जठराला टोचतो आणि जनावर दगावू शकते.

नवे कुंपण घालताना

*तारेचे कुंपण.* ७ फुटांचा खांब २ फूट गाडून ५ फूट वर ठेवावा. दोन खांबांत ८ ते १० फूट अंतर असावे. प्रत्येक कोपऱ्याला दोन बाजूंनी टेकू आणि लांब बाजूवर दर ५० फुटांच्या आसपास एक टेकूचा खांब द्यावा. १ × १ × २ फुटांचा खड्डा धरला तर २५ खांबांना १:३:६ प्रमाणाच्या काँक्रीटसाठी साधारण ६ पोती सिमेंट लागते. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे, मगच तार ओढावी. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर व उतरता ठेवावा. खोलगट ठेवला तर पाणी साचून खांब तिथेच गंजतो.

तार वजनावर मिळते. १४ गेजची तार एका किलोत जास्त मीटर येते म्हणून स्वस्त वाटते, पण ती २ मिलिमीटरचीच असते आणि आपल्या पावसात लवकर जाते. १२ गेज घ्यावी आणि जस्ताचा थर जाड आहे का ते विचारावे.

*जाळीचे कुंपण.* वर, मध्ये व खाली अशा तीन आडव्या तारांना जाळी बांधावी. डुकरांसाठी जाळीचा खालचा भाग ९ ते १२ इंच गाडावा. जमिनीत गाडलेली जाळी लवकर गंजते, म्हणून तो पट्टा वेगळा जोडावा. पुढे तेवढाच बदलता येतो.

*जिवंत कुंपण.* पैसा कमी आणि धीर असेल तर हा सर्वांत टिकाऊ पर्याय. करवंदाचे ताजे बी जूनमध्ये पेरावे किंवा रोपे एक ते दीड फुटावर, दोन ओळींत नागमोडी लावावीत. गिरिपुष्पाच्या ३ ते ४ फुटांच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला लावल्या की सहज फुटतात आणि पाला भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून वापरता येतो. चिलार, सागरगोटा, घायपात यांनी गुरे चांगली अडतात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. मुलांचा वावर असलेल्या घराशेजारी शेर लावू नये. जिवंत कुंपण दाट व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर जुन्या तारेच्या दोन-तीन ओळी राहू द्याव्यात. जुने कुंपण पूर्ण काढण्याऐवजी त्याच्या आतून जिवंत कुंपण लावणे, हा दुरुस्ती आणि नवे यांच्या मधला चांगला मार्ग आहे.

जिवंत कुंपणाची छाटणी दर वर्षी पावसाळ्यानंतर करावी. छाटणी चुकली की सावली भाताच्या किंवा भाजीच्या दोन-तीन ओळींवर पडते आणि शेजाऱ्याची तक्रार येते.

*बांबूचे कुंपण.* बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण किडीपासून चांगले वाचवते, पण ओल्या जमिनीत ते धुऊन जाते. म्हणून उपचार केलेला बांबू आडव्या पट्ट्यांसाठी वापरावा; खांब सिमेंटचे किंवा लोखंडी ठेवावेत.

पुराच्या वाटेतील कुंपण

एरंजाड, हेंद्रेपाडा यांसारख्या नदीलगतच्या भागात किंवा वालधुनीच्या काठी हा भाग नीट वाचावा.

भिंतीच्या एका बाजूला ३ फूट पाणी साचले आणि दुसरी बाजू कोरडी राहिली तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर ४०० किलोच्या आसपास रेटा येतो. पाणी ६ फूट झाले तर रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. साधी नऊ इंची विटांची कुंपणभिंत यासाठी बांधलेली नसते. ती पडते तेव्हा साचलेले पाणी एकदम सुटते आणि पलीकडच्या घरात शिरते. भिंत पडली नाही तरी तिने वळवलेले पाणी शेजाऱ्याकडे जाते. बारीक जाळीत प्लास्टिक व पालापाचोळा अडकला की जाळीही भिंतीसारखीच वागते.

म्हणून अशा जागी:

- पडलेली भिंत जशीच्या तशी पुन्हा बांधू नये. पाण्याच्या बाजूला मोकळ्या तारा किंवा बांबू, निर्गुडी यांसारखे जिवंत कुंपण घ्यावे.
- तारेची सर्वांत खालची ओळ जमिनीपासून फूटभर वर ठेवावी.
- भिंत ठेवायचीच असेल तर बुडाशी दर ५-६ फुटांवर ४ इंची पाइप टाकून पाण्याला वाट द्यावी आणि मेमध्ये ते साफ करावेत.
- ओहोळ कुंपण ओलांडत असेल तिथे वरच्या तारेला टांगलेले झुलते फाटक लावावे. पाणी आले की ते उचलले जाते, उतरले की खाली येते.
- पुराच्या बाजूची तार मुख्य कोपऱ्याला न बांधता वेगळ्या खांबाला संपवावी. पुरात ती बाजू गेली तरी बाकीचे कुंपण वाचते.

हे करू नये

- कुंपणात घरातील वीज सोडू नये. यात माणसे आणि गुरे मरतात आणि फौजदारी गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचा झटका ठरावीक अंतराने देते. ते प्रमाणित यंत्रच घ्यावे आणि धोक्याची पाटी लावावी. जंगलालगतच्या गावांनी सामूहिक सौर कुंपणाच्या योजनेबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.
- जिवंत झाडाला खिळे ठोकून तार बांधू नये. झाड तार गिळते, पुढे तार निघत नाही आणि करवतीला लागून इजा होते.
- भाताच्या बांधाच्या माथ्यावर खांबासाठी खड्डे घेऊ नयेत. बांध झिरपू लागतो. खांब बांधाच्या आपल्या बाजूच्या पायथ्याशी घ्यावा.
- जुने सिमेंटचे (ॲस्बेस्टॉस) पत्रे कुंपणातून काढताना कापू किंवा फोडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाणी मारून अख्खे काढावेत.

वर्षभराचे वेळापत्रक

- *ऑक्टोबर-नोव्हेंबर:* पहिली तपासणी, जिवंत कुंपणाची छाटणी, मोजणीचा अर्ज.
- *डिसेंबर-फेब्रुवारी:* शेजाऱ्यांशी बोलणी, दरपत्रके, रोपवाटिकेची तयारी.
- *मार्च:* दुसरी तपासणी आणि निर्णय.
- *एप्रिल-मे:* खोदकाम, खांब, काँक्रीट, रंग. पाण्याच्या वाटा साफ करणे.
- *जून-जुलै:* जिवंत कुंपणाची लागवड, खिंडारे भरणे.
- *ऑगस्ट-सप्टेंबर:* प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुंपणात अडकलेला कचरा काढणे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*शेजारी निम्मा खर्च देत नाही. काय करावे?*
कुंपण आपल्या हद्दीच्या आत घ्यावे आणि पूर्ण खर्च आपण करावा. मग ते पूर्णपणे आपले राहते. हद्दीवर सामाईक कुंपण घालायचे असेल तर खर्च, देखभाल आणि फळे-पाल्याचा हक्क साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

*पावसाळ्यातच कुंपण पडले तर?*
कायमचे काम तेव्हा करू नये. बांबू किंवा लाकडी मेढी रोवून दोन-तीन तारा ओढाव्यात आणि कायमचा निर्णय ऑक्टोबरच्या तपासणीनंतर घ्यावा.

*जुने खांब पुन्हा वापरता येतील का?*
जमिनीलगतची जागा चांगली असेल तर होय. सिमेंटचा खांब काढताना तार बांधून ओढू नये, कडेने खणून सरळ वर घ्यावा. चिरलेले खांब परसात वेलींच्या मांडवासाठी चालतात, कुंपणासाठी नाहीत.

कृषी सहायक व कृषी मित्रांसाठी

शेतकरी कुंपणाबद्दल विचारतो तेव्हा बहुतेक वेळा कोणती जाळी घ्यावी, असे विचारतो. आधी त्याच्यासोबत कुंपणाला एक फेरी मारावी, खांब मोजावेत आणि हद्दीची कागदपत्रे आहेत का ते विचारावे. नदीकाठच्या गावात पाणी कोणत्या बाजूने आले होते ते घरातील जाणत्यांकडून समजून घ्यावे. या तीन गोष्टी कळल्या की दुरुस्ती की नवे, याचे उत्तर बहुधा शेतकरी स्वतःच देतो.